मागच्या गेटचं कुलूप काढा : आमच्या सोसायटीच्या समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

येत्या रविवारी आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिका लिफ्टशेजारच्या बोर्डावर लागली आहे. विषय क्रमांक ७ असा : 'सभासदांच्या आरोग्याच्या दृष्टीने क्लब हाउससाठी तीन ट्रेडमिल खरेदी करणे. अंदाजे खर्च रु. ६,८०,०००.' ट्रेडमिलला माझा विरोध नाही. पण ज्या सोसायटीने चालत जायच्या वाटेला साडेपाच वर्षं कुलूप घालून ठेवलंय, तिने चालण्याचं यंत्र विकत आणावं, हे मला काही पचेना.

पत्र खुलं का, तर बंद पाकिटातली दोन पत्रं ऑफिसच्या पेटीत टाकून झाली, पोच मिळाली नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फक्त अॅडमिनना लिहिता येतं. शिवाय असं कुलूप एकट्या आपल्याच सोसायटीला आहे असंही नाही. माझ्या साडूंच्या सोसायटीत आहे, मुलीच्या ठाण्यातल्या सोसायटीत आहे. बाहेरच्या कुणी हे वाचलं, तर त्यांनी आपापलं गेट आठवावं.

ज्यांनी २०२० नंतर इथे फ्लॅट घेतला, त्यांना मागे एक गेट आहे हेच बहुधा ठाऊक नसेल. सी विंगच्या मागे, जनरेटरच्या पलीकडे, माणूसभर रुंदीचं लोखंडी गेट आहे. त्यातून बाहेर पडलं की गल्ली. गल्लीच्या टोकाला भाजीवाले, पिठाची गिरणी, औषधाचं दुकान, पीएमपीचा, म्हणजे पुण्याच्या शहर बसचा, स्टॉप आणि त्याच्या थोडं पुढे शाळा. माझ्या पावलांनी स्टॉपपर्यंत पाचशे पावलं, म्हणजे साधारण साडेतीनशे मीटर. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि हे गेट बंद झालं. तेव्हा ते बरोबरच होतं, मी स्वतः त्या ठरावाला हात वर केला होता. पुढे सगळं उघडलं, मॉल उघडले, थिएटरं उघडली, लग्नाचे हॉल उघडले. हे गेट तेवढं राहिलं. काढ्यासाठी म्हणून तेव्हा कुणीतरी गेटाशी गुळवेल लावली होती. काढा पिणारे थांबले, वेल थांबली नाही. आता ती कुलूप, कडी, वरचा दिवा सगळं पोटात घेऊन बसली आहे. मागच्या आठवड्यात पानं बाजूला सारून पाहिलं, तर कुलपाच्या किल्लीच्या भोकात कुंभारणीने मातीचं घर केलंय.

पुढच्या गेटने त्याच स्टॉपवर जायचं तर चौकाला वळसा घालून एक किलोमीटर चारशे मीटर पडतात. मी मोजलंय. समितीतले एक सदस्य मला हसून म्हणाले, "काका, मग बरंच की! तेवढंच जास्त चालणं होतं." विनोद चांगला होता, मीही हसलो. पण साहेब, ते चौदाशे मीटर चालतं कोण? एका रविवारी सकाळी आठ ते नऊ मी पुढच्या गेटाशी वॉचमनच्या बाकावर बसून मोजणी केली. जन्मभर प्रवासी मोजले, सवय जात नाही. चौसष्ट गाड्या बाहेर गेल्या, त्यांतल्या एक्केचाळीस दुचाकी. पायी गेलेली माणसं नऊ. नऊपैकी सहा घरकामाच्या मावश्या. दुचाकीवाल्यांतले निम्मे दहा-पंधरा मिनिटांत परत आले, हँडलला कोथिंबिरीची जुडी नाहीतर दुधाची पिशवी लटकवून.

मी एसटीत एकतीस वर्षं होतो. त्यातली पंचवीस वर्षं वाहक. तिकिटांचा ट्रे बगलेत, चिमटा हातात, आणि साठ माणसांच्या गाडीतून पुढून मागे, मागून पुढे. बाजाराच्या दिवशी तर टोपल्या, कोंबड्या, दुधाचे कॅन ओलांडत. तो व्यायाम आहे असं कधी वाटलंही नाही, पाय दुखतात एवढंच वाटायचं. शेवटची सहा वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काचेच्या खोलीत बसलो. माईकवर गाड्यांची नावं पुकारायची, चालक-वाहकांची नोंद घ्यायची, समोर चहा यायचा तो प्यायचा. २०१२ साली खोलीत बसलो तेव्हा वजन त्रेसष्ट किलो होतं. २०१८ ला निवृत्त झालो तेव्हा सहासष्ट. निवृत्तीनंतर दोन वर्षं रोज दोनदा मागच्या गेटने भाजी, गिरणी, नातवाला शाळेच्या बसवरून आणणं, असं चाललं होतं. वजन जागचं हललं नाही. आज एकाहत्तर आहे. सगळा दोष गेटच्या माथी मारत नाही, घरच्या तुपालाही त्यातला वाटा आहे. पण तूप २०२० च्या आधीही होतंच.

माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. बाबा कंडक्टर, म्हणून तिने मला एक गोष्ट सांगितली, ती मी तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिथल्या दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकच खातं, एकच गाडी, त्याच वेळा. चालक दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार चालकांमध्ये स्पष्टपणे जास्त निघाला. पण मला आवडतो तो पुढचा भाग. १९५६ साली या मंडळींनी गणवेशाची मापं काढली, पँटच्या कमरेचं माप. कुठल्याही वयोगटात बघा, चालकाची पँट रुंद! आमच्या डेपोत खाकी कापड मिळायचं आणि शिंप्याकडे सगळे एकदम जायचे. तिथला शिंपी कापड न पाहता सांगायचा, "तुम्ही स्टेअरिंगवाले ना?" त्याने लॅन्सेट कुठला वाचलेला असणार. आता पूर्ण खरं सांगायचं तर मॉरिसनाच पुढे दिसलं की कंडक्टर बारीक असतो एवढ्यावरच त्याचं हृदय वाचतं असं नाही, जाड कंडक्टरही जाड चालकापेक्षा बरा होता. म्हणजे हालचालीचा फायदा काट्यावर दिसतो त्याहून जास्त.

आपल्याकडचंही एक उदाहरण आहे, तेही १९५६ चंच. पश्चिम बंगालमधल्या ज्यूट गिरणीतल्या माणसांचा अभ्यास जीन मेयर या आहारशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. ओझी वाहणारे, यंत्रावर उभे राहणारे, कारकून, आणि गिरणीच्या आवारातले दुकानदार. आपल्याला वाटेल की जो बसून असतो त्याची भूक कमी, तो कमी खात असेल. उलटं निघालं. दिवसभर बसणारा ओझी वाहणाऱ्याच्या बरोबरीने खात होता आणि वजनाने मात्र जड होता. थोडीफार हालचाल असली की भूक आणि काम यांचा मेळ बसतो, ती अगदी संपली की भुकेला ब्रेक राहत नाही. काचेच्या खोलीत मी हे स्वतः अनुभवलंय. गाडीत असताना दोन भाकऱ्या पुरायच्या. खोलीत बसल्यावर दोन भाकऱ्या, आणि चारला भजी.

वेबिलाची, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदाची, सवय म्हणून माझ्या वजनाचाही हिशेब मांडला. तेरा वर्षांत आठ किलो, म्हणजे वर्षाला सहाशे ग्रॅम. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी धरतात. भागाकार केला तर रोजच्या बारा-तेरा कॅलरी जमेला पडत गेल्या. चहासोबतच्या मारी बिस्किटाचा अर्धा तुकडा! मुलगी म्हणते, बाबा, शरीर इतकं सरळ हिशेबाने चालत नाही, वजन वाढलं की खर्चही वाढतो. असेल. पण हे काही एखाद्या श्रीखंडाच्या वाटीने झालेलं नाही, रोज चिल्लर साठत साठत झालंय एवढं मला त्यातून कळलं. आणि जे चिल्लरीने आलं ते चिल्लरीनेच अडवता येतं. मागच्या गेटने स्टॉपवर जाऊन-येऊन सातशे मीटर, आठ-नऊ मिनिटं, माझ्या वजनाला तीसएक कॅलरी. दोन खेपा केल्या तर साठ.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ट्रेडमिलच्या प्रस्तावात 'वजन घटवण्यासाठी' असं लिहिलंय. नुसतं चालून चढलेलं वजन फारसं उतरत नाही. अर्धा तास झपझप चाललं तर शंभर-सव्वाशे कॅलरी जातात. चौकातल्या एका वडापावाची फेड करायला तासाच्या वर चालावं लागेल, आणि चालून आलेला माणूस वडापाव खातोच, मी पाहिलंय. उतरवायचं असेल तर ताटाकडे बघावं लागतं. चालण्याची खरी कमाई आहे ती वजन चढू न देण्यात. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २००९ साली हेच मांडलं, की वजन वाढू नये म्हणून आठवड्याला दीडशे ते अडीचशे मिनिटांची मध्यम हालचाल पुरते, चांगलं वजन उतरायचं तर अडीचशेच्या वर लागते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या सूचनांमध्ये आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं सांगताना पूर्वीची एक अट काढून टाकली. आधी सलग दहा मिनिटं चाललात तरच ते धरायचे. आता प्रत्येक मिनिट धरतात. म्हणजे मागच्या गेटच्या आठ-नऊ मिनिटांना आता मान्यता आहे, साहेब. दिवसाला दोन खेपा, आठवड्याचे जवळपास दोन तास तिथेच झाले, आणि त्यासाठी बूट घालून 'वॉकला' जावं लागलं नाही.

"पण आमच्यात लठ्ठ आहे कोण?" असं चेअरमन साहेब मागे म्हणाले होते. शिंप्याची टेप घ्या, बेंबीच्या पातळीवर धरा, श्वास न रोखता. पुरुषांना नव्वद सेंटिमीटर, बायकांना ऐंशी, ही आपल्या लोकांसाठीची मर्यादा. बीएमआयची, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याची, मोजपट्टीही आपली वेगळी आहे. तेवीसच्या पुढे वजन जास्त, पंचवीसच्या पुढे लठ्ठ. मी एकशे पासष्ट सेंटिमीटर उंच, एकाहत्तर किलो, बीएमआय सव्वीस. मला बघून कुणी लठ्ठ म्हणणार नाही, पण कागदावर मी लठ्ठ आहे. ही मोजपट्टी कडक का, याचं उत्तर आपल्या पुण्यातच आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! वरून सडसडीत, आतून तुपात. याला ते 'थिन-फॅट' म्हणतात. आपण सगळे त्याच घडणीचे, म्हणून आपल्याला पाच-सहा किलोही महाग पडतात. देशात मधुमेही दहा कोटींच्या वर आहेत, हा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीचा आकडा. आपल्या दोनशे बारा फ्लॅटांत किती, ते खालच्या औषधवाल्याला विचारा. नावं तो सांगणार नाही, पण गोळ्यांची ऑर्डर किती वाढली ते सांगेल.

आता बायकांबद्दल. हे मला माझ्या सुनेने आणि डी विंगमधल्या एका वहिनींनी लिहायला सांगितलंय, म्हणून त्यांच्याच शब्दांत. "मी चालायला जाते म्हटलं की घरात कपाळावर आठ्या. डबा राहिला, पाणी भरायचं राहिलं. कोथिंबीर घेऊन येते म्हटलं की कुणी विचारत नाही." गेट होतं तेव्हा दिवसातून दोन-तीनदा कोथिंबीर, दळण, टाचणी, असं काहीतरी निघायचं. जाता-येता दोघी-तिघी भेटायच्या, गल्लीत माणसं असायची, भीती नसायची. आता कोथिंबीर फोनवरून दहा मिनिटांत येते, तीही आणणारा मुलगा थेट चौथ्या मजल्यावर देतो. त्या मुलाबद्दल तक्रार नाही. पण त्या बायकांचं चालणं गेलं ते गेलंच, आणि त्यांचा ट्रेडमिलचा नंबर कधी लागणार? सकाळी सहा ते आठ क्लब हाउस उघडं असतं, नेमकं डब्याच्या वेळेला.

आमच्या बी विंगमधले एक गृहस्थ रात्री अकराला पोडियमवर गोल गोल फिरत असतात. मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं पुरी व्हायची असतात म्हणून. घाण्याचा बैलही इतका इमानदार नसेल. त्यांना एकदा सांगितलं की दहा हजार हा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ साली जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' ठेवलं, तिथून तो पसरला. ते क्षणभर थांबले, म्हणाले, "काका, साडेनऊ झालीत, आता काय सोडू?" आणि पुन्हा निघाले. जेवणानंतर चार पावलं टाकली की साखर एकदम वर जात नाही, म्हणून त्यांचं फिरणं वाया जात नाही. आपली शतपावली तीच. तिला घड्याळ लागत नव्हतं.

तुमची उत्तरं मला माहीत आहेत, म्हणून आधीच लिहितो. एक, चोऱ्या. गेल्या पाच वर्षांतल्या सोसायटीतल्या दोन्ही चोऱ्या पुढच्या गेटने झाल्या, तीन वॉचमन असताना. दोन, वॉचमनचा खर्च. दिवसाच्या एका पाळीला महिन्याचे अठरा हजार धरा. दोनशे बारा फ्लॅटांत वाटले तर फ्लॅटमागे पंच्याऐंशी रुपये. तेही नको असतील तर लिफ्टला लावलंय तसलं कार्डाचं कुलूप लावा, कॅमेरा तिथे आधीपासून आहे, फक्त गुळवेलीने त्याचा डोळा झाकलाय. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी चार ते नऊ उघडं ठेवलं तरी चालेल. तीन, दुचाकी घुसतील. याला मीही घाबरतो. बाबागाडी जाईल पण अॅक्टिव्हा जाणार नाही, अशी वाकडी वाट काढायची आहे. सोसायटीत सिव्हिल इंजिनिअर निदान सात आहेत, एकाला तरी जमेल.

आणि पालिकेकडे बोट दाखवण्याआधी आपण एकदा पुढच्या गेटबाहेर उभं राहू या. फूटपाथवर माणसाला चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी, असं रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेचं मानक सांगतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलं की अडथळा नसलेला फूटपाथ हा पादचाऱ्याचा हक्क आहे आणि तो घटनेच्या २१ व्या कलमात, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो. आपल्या गेटसमोर फूटपाथ आहे, होता. त्याला उतार देऊन गाड्यांसाठी कापला आपणच. उरलेल्यावर आपल्या नावाचा ग्रॅनाइटचा बोर्ड, त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार कुंड्या, आणि वॉचमनची खुर्ची. बाहेरच्या आजीबाई तिथे पोचल्या की रस्त्यावर उतरतात आणि आठ कुंड्या ओलांडून पुन्हा वर चढतात. देशात रस्त्यावर मरणाऱ्या पाचांतला जवळपास एक जण पायी चालणारा असतो. कुंड्या आत घ्यायला ठराव लागत नाही, माळीबुवा लागतात.

११ डिसेंबरला पालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते, २०२१ पासून. गाड्या बंद, रस्त्यात मुलं खेळतात, बघण्यासारखं असतं. मागच्या खेपेला आपल्या सोसायटीतली बरीच मंडळी गेली होती. कारने गेली, आणि पार्किंग मिळेना म्हणून अर्धा तास फिरत होती, असं मला परत आल्यावर कळलं.

तर मागणी एवढीच. विषय क्रमांक ७ च्या आधी 'मागील गेट पादचाऱ्यांसाठी उघडणे' हा विषय घ्यावा. ऐनवेळच्या विषयांत ढकलू नये, तोवर कोरम संपतो आणि बटाटेवडे येतात. तीन महिने उघडून पाहा. त्या तीन महिन्यांत मी पुन्हा बाकावर बसून मोजणी करीन, एकदा पुढच्या गेटाशी, एकदा मागच्या. आकडे वाईट आले तर मीच कुलूप आणून देईन, आणि मग खुशाल ट्रेडमिल घ्या.

जुन्या कुलपाची किल्ली ऑफिसात नाही, मी विचारलं. ती आधीच्या वॉचमनकडे होती आणि तो चार वर्षांपूर्वी गावी गेला. चौकातला किल्लीवाला दीडशे रुपये म्हणतोय, ते मी देतो. कुंभारणीचं घर रिकामं झालंय का ते आधी बघून घेऊ. गुळवेल मात्र कुणी तोडू नका, शनिवारी सकाळी माळीबुवांना घेऊन मी तिला भिंतीवर वळवून घेतो.

कळावे,

बी विंग, तिसरा मजला
(निवृत्त वाहक)